भोजकटाचा डाव

आमच्या अमरावती जिल्ह्यात एका राजाचा जीव त्याच्या नातीच्या लग्नात, त्याच्याच घरी, खेळायच्या पटाने घेतला गेला. होय, पटानेच. ज्याच्यावर फासे पडत होते तोच पट उचलला आणि हाणला. मारणारा वराकडचा पाहुणा, नवऱ्या मुलाचा चुलत आजोबा. राजाचं नाव रुक्मी, गावाचं नाव भोजकट, आणि पाहुणा म्हणजे साक्षात बलराम!

भोजकट म्हणजे आपली भातकुली, असं मानतात. भातकुली म्हटलं की आमच्याकडे तालुक्याचं गाव आणि जैनांचं क्षेत्र एवढंच बहुतेकांना आठवतं. कौंडण्यपूर मात्र सगळ्यांना पाठ. रुक्मिणीचं माहेर ना ते! वर्धा नदीच्या काठचं. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिला पळवलं ही गोष्ट आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी येते. पण तिच्या भावाचं पुढे काय झालं, असं विचारा. भलेभले डोकं खाजवतात.

ही गोष्ट मला आत्ता आठवायचं कारण माझी भाची. नातेवाईक मंडळी वाचतात म्हणून आधीच सांगते, हे लिहिण्यापूर्वी तिची परवानगी घेतली आहे. :-)

भाची अमरावतीला इंजिनीअरिंग शिकली, आता पुण्यात नोकरी करते. कॉलेजातल्याच पाच-सहा पोरापोरींचा तिथे एक कंपू आहे आणि दर शनिवारी रात्री एकाच्या फ्लॅटवर त्यांचा डाव बसतो. डाव म्हणजे पत्ते नव्हेत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी काढला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी चोर, कुणी मांत्रिक, कुणी वैद्य. एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो, ‘तुम्ही जंगलात आहात, समोर पडका किल्ला आहे, काय करता?’ आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. आपल्या सारीपाटाचे लांबट फासे नव्हेत, चक्क वीस बाजूंचा फासा असतो. आणि फासा पडल्यावर नेमकं काय घडलं ते सांगतो सूत्रधार. किल्ल्याचा दरवाजा, त्यामागचा राक्षस, बाजारातला वाणी, सगळं तोच. इंग्रजीत त्याला मास्टरच म्हणतात.

या सूत्रधाराची वंशावळ शोधली तर ती निघाली प्रशियाच्या सैन्यात! १८२४ मध्ये राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने तिथे नकाशावर खेळायचा लढाईचा खेळ मांडला. दोन्हीकडचे खेळाडू हुकूम लिहून देत आणि मधला पंच नियमांची कोष्टकं व फासे बघून कोण किती मेले ते सांगे. पुढे कोष्टकांचा कंटाळा आला. १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हर्नुआ नावाच्या दुसऱ्या एका अधिकाऱ्याने म्हटलं, अनुभवी पंच असेल तर कोष्टकं हवीत कशाला? तो सांगेल तेच घडलं. एवढं एक वाक्य आणि पंचाच्या हातात सगळं जग आलं. सैन्यात ठीक आहे, पंच वरिष्ठ असतो आणि त्याच्याही वर कुणी असतो. फ्लॅटमधल्या डावात वर कोण?

भाचीचं दुखणं तेच होतं. तिने वैद्याचं पात्र घेतलेलं. दर शनिवारी त्या वैद्याला कुणीतरी पळवून नेई. सुरुवातीला गंमत वाटली. मग लक्षात आलं की तासतास ती नुसती कोठडीत बसून असते आणि बाकीचे तिला सोडवायला निघालेले असतात. सूत्रधार फासे पडद्याआड टाके. त्याच्या रूममेटचा फासा कधी चुकत नसे, हिचा क्वचितच लागे. ही काही बोलली की ‘गोष्टीची गरज आहे गं’. आणि रूममेट हसे. मोठ्याने. दुसऱ्यांची पाळी चालू असताना मध्येच बोलायचं आणि वर हसायचं, हा त्याचा खाक्या. ‘एवढं काय मनावर घेतेस, खेळच तर आहे!’

लहानपणी सुट्टीत अकोल्याला आजोळी अष्टाचंगा मांडला की आमच्यातही असले नग असत. कवड्या पडल्या की त्या मोजायच्या आत हाताने उचलणारे. दान वाईट पडलं की ‘हात लागला, हात लागला’ म्हणणारे. पण तिथे ओसरीवर आजी शेंगा फोडत बसलेली असे. ती मान वर न करता म्हणे, ‘काहून रडीचा डाव खेळून राह्यला बे?’ बस्स. दान मुकाट्याने परत. आजीला त्या डावात काही जिंकायचं नव्हतं, काही हरायचंही नव्हतं. भाचीचं सगळं ऐकताना मला वारंवार हेच वाटत होतं की त्या फ्लॅटमध्ये शेंगा फोडणारं कुणी नाही.

तर, भोजकट. भागवताच्या दशमस्कंधात आणि विष्णुपुराणात ही गोष्ट आहे.

रुक्मिणीहरणाच्या वेळी रुक्मी कृष्णाचा पाठलाग करत गेला, हरला, केस भादरून परत आला. कृष्णाला मारल्याशिवाय कुंडिनपुरात पाय ठेवणार नाही अशी प्रतिज्ञा करून गेला होता, म्हणून मग परत न जाता त्याने भोजकट वसवलं. प्रतिज्ञा पाळायची आणि माहेरच्या प्रदेशातच राहायचं, ही अस्सल वऱ्हाडी तडजोड मला फार आवडते. पुढे वैर मनात ठेवूनही बहिणीला बरं वाटावं म्हणून त्याने आपली मुलगी बहिणीच्या मुलाला, प्रद्युम्नाला दिली. आणि त्यानंतर नात रोचना दिली प्रद्युम्नाच्या मुलाला, अनिरुद्धाला. म्हणजे अनिरुद्ध हा रुक्मीच्या मुलीचा मुलगा, रोचना मुलाची मुलगी. आते-मामे भावंडांचं लग्न, आपल्याकडे नवल नाही. लग्न भोजकटातच झालं. द्वारकेहून कृष्ण, बलराम, रुक्मिणी, प्रद्युम्न सगळे आले.

लग्न लागलं. आता पाहुण्यांना वेळ घालवायचा. कलिंगाचा राजा आणि आणखी काही राजे रुक्मीच्या कानाशी लागले. म्हणाले, या बलरामाला फासे येत नाहीत पण खेळायचा सोस भारी आहे, याला बसव. थोडक्यात, लिंबूटिंबूला मुद्दाम पटावर ओढायचं आणि सगळ्यांनी मिळून करमणूक करून घ्यायची. खेळ सुरू व्हायच्या आधीच तो खेळ राहिलेला नव्हता.

शंभरचा पण, हजारचा, दहा हजारचा. तिन्ही रुक्मीने जिंकले. कलिंग दात काढून खदाखदा हसला. इथपर्यंत, लक्षात घ्या, रुक्मीने लबाडी केल्याचं भागवत म्हणत नाही. तो चांगला खेळणारा होता. मग लाखाचा पण लागला आणि तो बलरामाने जिंकला. तेव्हा रुक्मी म्हणाला, ‘मी जिंकलो.’ बलराम खवळला, दहा कोटींचा पण लावला, तोही जिंकला. रुक्मी पुन्हा, ‘मीच जिंकलो. विचारा या प्राश्निकांना.’

प्राश्निक म्हणजे पंच. साक्षीदार म्हणा हवं तर. मी ही गोष्ट कितीतरी वेळा वाचली असेल, पण या शब्दापाशी थबकले ती भाचीच्या फोननंतरच. पंच होते! हजर होते, डाव बघत होते, फासे कुणाचे पडले हे त्यांना ठाऊक होतं. रुक्मीने त्यांना बोलायला सांगितलं. आणि पुढच्याच श्लोकात बोलतं कोण, तर आकाश. आकाशवाणी झाली की बलराम धर्माने जिंकला, रुक्मी खोटं बोलतो आहे. प्राश्निकांचं काय झालं? ते काय म्हणाले? काहीच नाही. पुराणकाराने त्यांच्या तोंडी अक्षर घातलेलं नाही. यजमानाच्या घरचं जेवलेली माणसं, बोलणार काय!

विष्णुपुराणात रुक्मीचा युक्तिवाद याहून चलाख आहे. तिथे तो म्हणतो, पण तू बोललास हे खरं, पण मी त्याला अनुमोदन कुठे दिलं होतं? न ठरलेला डाव तू जिंकलास असं म्हणायचं असेल तर मी जिंकलो असं का म्हणू नये? नियमांच्या पुस्तकातलं बारीक अक्षर काढून दाखवणारा असा एक माणूस प्रत्येक डावात असतो. त्यावर आकाशवाणीने दिलेलं उत्तर मात्र एखाद्या न्यायाधीशाला शोभावं असं आहे. ती म्हणते, तोंडाने न बोलताही कृतीने होकार होतो. पण ऐकून तू फासे टाकलेस ना? मग झालं अनुमोदन.

हे अनुमोदन पुढे परत येणार आहे, तेव्हा ध्यानात असू द्या.

रुक्मीने आकाशाचंही ऐकलं नाही. बाजूचे राजे चढवतच होते. तो बलरामाला म्हणाला, तुम्ही गुराखी, रानात हिंडणारे, फासे आणि बाण हे राजांचं काम. मग बलराम उठला. भागवतात त्याच्या हाती लोखंडी परिघ आहे, विष्णुपुराणात तो खेळाचा पटच. मला दुसरं जास्त पटतं (कोटी माफ करा). रुक्मी तिथेच मेला. कलिंग पळत होता, त्याला दहाव्या पावलावर गाठून बलरामाने त्याचे दात पाडले. ते हसताना दिसलेले दात. बाकीचे हातपाय मोडून घेत पळाले.

लहानपणी कीर्तनात हा भाग आला की आम्ही पोरं टाळ्या पिटत असू. आता टाळी वाजत नाही. बलराम खरा होता याबद्दल वादच नाही. पण शंभरच्या पणापासून दहा कोटींपर्यंत तो बसून राहिला, एकदाही म्हणाला नाही की बाबांनो, हे हसणं थांबवा, नाहीतर मी उठतो. आणि उठला तेव्हा एकदम जीव घेऊनच उठला. आणि कृष्ण? समोरच होता. भागवत सांगतं की तो बरंही बोलला नाही, वाईटही बोलला नाही. रुक्मिणी दुखावेल की बलराम, या भीतीने. गीता सांगणारा माणूस लग्नघरात पाहुण्यांपुढे गप्प! आपल्या घरातल्या लग्नांत असे किती कृष्ण पाहिलेत ते आठवून बघा.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘मावशी, म्हणजे मी काय करू, रूममेटचे दात पाडू?’

प्रश्न रास्त होता. म्हणून मी जरा कौटिल्याकडे वळले. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात शेवटी द्यूताचं प्रकरण आहे. कौटिल्य नीतीचं प्रवचन देत नाही. तो म्हणतो, खेळ एकाच ठरलेल्या जागी सरकारी अध्यक्षाच्या देखरेखीखाली चालू दे, दुसरीकडे खेळला तर १२ पण दंड. अध्यक्षाने शुद्ध फासे पुरवायचे. फासे बदलले तर पुन्हा १२ पण. लबाडी केली तर त्याहून मोठा दंड आणि जिंकलेलं सगळं परत. जिंकलेल्या रकमेतले शंभरामागे पाच सरकारला. व्यवहारी माणूस.

पण खरी मेख पुढे आहे. खेळावरून तंटा झाला आणि तो दरबारात आला तर काय? जुने आचार्य म्हणत, जिंकणाऱ्याला कमी दंड, हरणाऱ्याला जास्त. का? तर हरणारा मूर्ख, जिंकायची हाव धरून बसतो आणि हार सोसवत नाही म्हणून बोंबलतो. कौटिल्य म्हणतो, नाही. हरणाऱ्याचा दंड दुप्पट केलात तर राजाकडे येणार कोण? खेळणारे बहुतेक लबाडच असतात, हे तो तिथेच स्वच्छ सांगून टाकतो. म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच आधी रड्या ठरवलंत की लबाडी कधी उघडकीला यायचीच नाही. दोन हजार वर्षं होऊन गेली, आणि अजून ‘तुला हरणं सोसत नाही’ हाच दंड हरणाऱ्याला दुप्पट बसतो. भाचीला तीन महिने तोच बसत होता.

तिचा दुसरा प्रश्न होता, सोडून देऊ का? यात तिचं खरं काय गुंतलं होतं ते सांगायला हवं. पुण्यात तिचे तेवढेच लोक. आजारी पडली तर डबा आणणारे तेच, पोळ्याला-दिवाळीला गावी जाताना अमरावतीच्या रेल्वेत एकत्र बसणारे तेच. शनिवारचा डाव सोडला तर उरलेले सहा दिवसही हळूहळू सुटतात. ‘नाही पटत तर उठून ये’ हे अकोल्यात बसून म्हणणं सोपं आहे.

उठून जाण्याच्याही गोष्टी वऱ्हाडाने पाहिल्या आहेत. चक्रधरस्वामी हे आधी गुजरातेतल्या प्रधानाचे पुत्र, हरिपाळ. द्यूताचा नाद होता. एकदा हरले, देणं झालं, बायकोकडे दागिने मागितले. कमळाइसेने दिले नाहीत. देणं वडिलांनी फेडलं, पण हरिपाळाचं मन संसारातून उठलं ते उठलंच. रामटेकच्या यात्रेला म्हणून घर सोडलं आणि वाटेत मोर्शीजवळच्या रिद्धपुरात गोविंदप्रभू भेटले. पुढे म्हाइंभटांनी त्याच रिद्धपुरात लीळाचरित्र सिद्ध केलं, मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ. एका हरलेल्या डावातून मराठी गद्य निघालं असं म्हणणं ताणल्यासारखं होईल, पण मला ते म्हणायचा मोह होतो खरा. कमळाइसेचा ‘नाही’ मात्र मला त्या सगळ्यात उठून दिसतो. डावाशी संबंध असलेल्या माणसांत नाही म्हणणारी ती एकटीच.

आणि नळ. त्याची दमयंतीही कुंडिनपूरचीच. भाऊ पुष्कर याच्याशी नळ खेळायला बसला. फाशांत द्वापर शिरलेला, नळात कली. महिनोन्महिने हरत राहिला. दमयंती सांगून थकली, प्रजा आणि मंत्री दाराशी येऊन उभे राहिले, हा पटावरून मान वर करेना. तेव्हा तिने पोरांना सारथ्याबरोबर कुंडिनपूरला माहेरी धाडून दिलं. डाव थांबवता येत नाही असं दिसल्यावर निदान पोरं तरी डावाबाहेर काढली.

पुढे नळ अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन कुंडिनपुराकडे येत होता, तेव्हा वाटेत राजाने एका बेहड्याच्या झाडाकडे नुसतं पाहून फांद्यांवरची पानं-फळं सांगितली. दोन फांद्यांवर फळं २०९५! नळाने रथ थांबवून खरंच मोजली. (शक्यतागणिताच्या इतिहासावर लिहिणाऱ्या इयान हॅकिंग यांनी १९७५ च्या पुस्तकात या झाडाची दखल घेतली आहे.) बेहडाच का, तर वेदकाळी त्याची फळंच फासे म्हणून वापरत. मूठभर घ्यायची, चाराने भागून बाकी काय उरते ते बघायचं. मेळघाटात बेहडा अजून आहे. त्रिफळाचूर्णात तुम्ही तो खाल्लाही असेल. ऋतुपर्णाने नळाला फाशांची विद्या दिली आणि कली बाहेर पडून त्या झाडात शिरला.

नळ परत गेला आणि एका डावात सगळं जिंकला. पुष्कराने त्याआधी दमयंतीवरून अचकट बोलून घेतलं होतं, नळाचा हात तलवारीकडे जावा असं. पण जिंकल्यावर नळाने त्याला सोडलं. दोष कलीचा होता म्हणाला, त्याचा वाटा त्याला परत दिला, भाऊ म्हणून घरी पाठवला. भोजकटाच्या गोष्टीनंतर ही वाचली की छातीवरचं ओझं उतरल्यासारखं होतं. फक्त एक अडचण. यासाठी आधी सगळं राज्य घालवावं लागतं आणि ऋतुपर्ण भेटावा लागतो.

या दोन टोकांच्या मध्ये काही आहे का, हे शोधताना मी पुराण सोडून इतिहासात आले आणि परत भोजकटातच येऊन पडले. अचलपूरजवळ चमक नावाचं गाव आहे. तिथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला, पाचव्या शतकातला, त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षाचा. वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या लेखांवर केलेलं काम ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा नवा नाही. मधुनदीच्या काठचं चर्मांक, म्हणजे चमक, हे गाव राजाने हजार ब्राह्मणांना दिलं. आणि गाव कुठल्या राज्यात आहे म्हणून सांगितलं आहे? भोजकट राज्यात.

दानपत्रात सहसा देणाऱ्याची स्तुती असते आणि दान हिरावणाऱ्याला शाप. या ताम्रपटात त्याशिवाय अटी आहेत, घेणाऱ्यांवर. राज्याशी द्रोह करायचा नाही. ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार करायचा नाही. युद्ध करायचं नाही. दुसऱ्या गावांना त्रास द्यायचा नाही. हे पाळाल तोवर, चंद्रसूर्य असेपर्यंत, गाव तुमचं. आणि याउलट जो वागेल किंवा तशा वागण्याला अनुमोदन देईल, त्याची जमीन राजाने काढून घेतली तर ती चोरी नव्हे.

अनुमोदन देईल! करणारा तर आलाच, पण मान डोलावणाराही आला. ज्या भोजकटात गोष्टीतला कलिंग दात काढून हसला होता आणि प्राश्निक गप्प बसले होते, त्याच भोजकटाच्या एका खऱ्याखुऱ्या तांब्याच्या पत्र्यावर हे कोरलेलं आहे. कोरणाऱ्याच्या मनात रुक्मी असेल असं मी मुळीच म्हणत नाही. राजाला जमीनदारांची बंडखोरी नको होती, इतकं साधं कारण असणार. तरी मला ते वाचून आकाशवाणीपेक्षा जास्त बरं वाटलं. आकाशवाणी डाव फिसकटल्यावर होते. हा पत्रा जमीन हातात पडायच्या आधी वाचून दाखवलेला आहे.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, हे तर आमच्याकडे आहे! या खेळाच्या जाणत्या लोकांत पहिल्या डावाआधी एक बैठक घेतात म्हणे. काय चालेल, काय चालणार नाही, कुणाला कशाची भीती वाटते, फासे उघड्यावर की पडद्याआड, सगळं आधी ठरवायचं. शिवाय जॉन स्टाव्ह्रोपोलस नावाच्या अमेरिकन खेळाडूने काढलेली एक साधी युक्ती आहे. फुली मारलेलं एक कार्ड टेबलाच्या मध्ये ठेवायचं. कुणालाही काही नकोसं झालं की त्याने कार्डाला बोट लावायचं. तो भाग तिथेच गाळायचा, आणि ‘का’ म्हणून विचारायचं नाही. मला ही युक्ती फार आवडली. कौटिल्याचाच मुद्दा, तक्रारीवरचा दंड शून्य. भाचीच्या कंपूने त्यातलं काहीच केलं नव्हतं. ‘आपण मित्रच तर आहोत’ म्हणून.

तिने शेवटी काय केलं ते सांगते. सूत्रधाराशी भांडली नाही. आधी बाकीच्या तिघांना एकेकटं फोन केले. दोघांनी जवळजवळ तेच सांगितलं, की आम्हालाही नकोसं झालंय, पण तुम्हा सगळ्यांना मजा येतेय असं वाटलं. तिसरी म्हणाली, माझ्या लक्षातच आलं नाही. तीन महिने एका टेबलाभोवती बसून प्रत्येकजण दुसऱ्याला प्राश्निक समजत होता. मग शनिवारी डावाच्या आधी, फासे न काढता, चहावर चौघांनी मिळून सूत्रधाराला सांगितलं. तो चिडला. मी एवढा आठवडाभर खपून गोष्ट रचतो, म्हणाला. ते खरंही होतं आणि भाचीने ते तिथेच मान्यही केलं. त्या रात्री डाव झाला नाही. पुढचे पाच-सहा शनिवारही झाला नाही, आणि ते शनिवार तिला फार जड गेले. रोज रात्री फोन यायचा, मावशी, मी मोडलं का गं सगळं? मी शेंगा फोडत ऐकत असे. (खरंच. अकोल्यात त्या दिवसांत ओल्या शेंगा छान मिळत होत्या.)

आता डाव परत बसतो. सूत्रधार पाळीपाळीने होतात, फासे उघड्यावर पडतात. जुना सूत्रधार येतो, खेळाडू म्हणून. पहिल्यांदा नाक फुगवून बसला होता म्हणे, आता बरा खेळतो. फुलीचं कार्ड मध्ये असतं आणि आजवर दोनदाच वापरलं गेलं, त्यातलं एकदा त्यानेच. रूममेट येत नाही. त्याला कुणी काढलं नाही, पण हसायला साथ उरली नाही तसा तो यायचा थांबला. भाचीचा वैद्य अजून जिवंत आहे आणि सध्या कुठल्याशा बंदरात साथीचा ताप बरा करतो आहे.

भोजकटात मात्र पुढे काय झालं? रुक्मी मेला, राजे पळाले, कृष्ण गप्प राहिला. मग यादवांनी अनिरुद्धाला आणि नव्या नवरीला रथात बसवलं आणि द्वारकेची वाट धरली. भागवतातला अध्याय तिथेच संपतो. रोचनेच्या हातची हळद अजून ओली असेल. मंडपात आजोबा पडलेले, मारणारा सासरच्यांतलाच एक, शेजारच्या रथात. रुक्मिणीचं मन दुखू नये म्हणून कृष्ण निदान गप्प तरी बसला. या मुलीच्या मनाचा विचार केल्याचं कुणी लिहिलेलं नाही. त्या अध्यायात तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. भातकुलीहून द्वारका केवढी लांब, वाटेत कितीतरी मुक्काम पडले असतील.